माझा आड कोणाच्या आड येत नाही

मंगळवार, ता. ४ मार्च

आधी आला तो बाटलीवाला साहेब. त्याच्या मागे दुभाष्या. त्याच्या मागे पट्टेवाला शिपाई. आणि सगळ्यांच्या शेवटी, मान खाली घालून, काखेत चोपडी मारून — आमचे चिरंजीव! पोटचा पोर, पण दारात असा उभा राहिला, जणू हे घर आज पहिल्यांदाच बघतोय. मी म्हटलं, "अरे, आज लवकर सुटलास?" तर माझ्याकडे न बघता दुभाष्याला म्हणतो कसा, "घरमालकीणबाईंना सांगा, पाणीखात्याची तपासणी आहे." घरमालकीणबाई! सकाळी याच्या कोटाचं बटण कोणी शिवलं मग?

समोरची खिडकीवाली कंबरेपर्यंत बाहेर लोंबत होती. एक दिवस पडणार आहे ती, आणि पडली तरी आधी विचारेल, काय झालं गं म्हणून.

साहेब सरळ मागच्या अंगणात गेला, आडापाशी. दोरीला बाटली बांधून आत सोडली. बाटली रिकामी, ती कशाला बुडतेय! तरंगत बसली बदकासारखी. साहेब दोरी हलवतोय, दुभाष्या दोरी हलवतोय, आमचे चिरंजीव चोपडीत लिहितायत. शेवटी मीच पोहरा सोडला, भरून काढला आणि बाटली भरून दिली. साहेबाने ती उन्हात धरून एक डोळा मिटला. मग काहीतरी बोलला. दुभाष्या मला म्हणतो, "साहेबांचे म्हणणे, या पाण्यात जीव आहेत."

मी म्हटलं, "आहेतच. आमच्या घरादाराचा जीव त्याच्यातच आहे."

दुभाष्याने ते साहेबाला सांगितलं. साहेबाने मान हलवून चिरंजीवांना खूण केली आणि चिरंजीवांनी लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे!

ही वही मुलानेच आणून दिली, खात्यातली टाकाऊ. आत रेघा मारून वर छापलंय — अनुक्रम, तपशील, शेरा. अनुक्रमाशी मला काय करायचंय. मी तपशिलात लिहिते, आणि फारच जीव सांडला तर शेऱ्यात. अक्षरं सुनेने शिकवली. बाळंतपणात तिला उठायची मनाई, मला तिच्याजवळ बसायची सक्ती, मग दुसरं करणार काय? नात झोपली की पाटी. नात उठली की नात. साठीला आलेल्या सासूला सून छडी दाखवते, असं घर दुसरं दाखवा मला!

बुधवार, ता. ५ मार्च

नात हसली. माझ्याकडे बघून. सून म्हणते, पोटात वायू झाला असेल. वायू!

शनिवार, ता. ८ मार्च

मुलगा कचेरीतून आला, कोट काढला, पाय धुतले, पाणी प्यायला — आडाचंच! — आणि मग खिशातून लखोटा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. "आई, हे तुला आहे."

"कोणाचं?"

"पाणीखात्याचं."

अक्षर त्याचंच. मी ओळखलं, कारण त्याचा 'ण' लहानपणापासून लंगडा आहे. वाचायला मला अर्धा तास लागला. तो समोर बसून भिंतीकडे बघत होता. आत लिहिलेलं — "आपणास कळविण्यात येते की, आपल्या आवारातील विहिरीचे पाणी तपासणीअंती पिण्यास अयोग्य ठरले असून, गल्लीत नळ येत असल्याने सदर विहीर पंधरा दिवसांत बुजविण्यात येईल. हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावी."

मी म्हटलं, "अरे लबाडा, हे तू लिहिलंस?"

"मी नाही, खात्याने."

"खात्याचा ण पण लंगडा आहे वाटतं?"

सून आत तोंडाला पदर लावून हसत होती. मला ऐकू आलं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. गल्लीतल्या बाकीच्या विहिरी मागच्या साली बुजवल्या. नळ येणार, नळ येणार म्हणून लोकांनीच हौसेने माती टाकली. आता सगळी गल्ली घागरी घेऊन माझ्या दारात. आणि माझी म्हणजे काही विहीर नाही. विहीर मोठी असते, पायऱ्यांची. माझा आड आहे, अरुंद, गोल, खोल. आत वाकलं की आपलंच तोंड रुपयाएवढं दिसतं.

तो यांनी खणला. एकट्याने. वर मी. लग्नाला वर्ष झालं होतं आणि आम्ही एकमेकांशी धड चार शब्द बोललो नव्हतो, कारण घर एवढंसं आणि सासूचे कान एवढे. हे खाली मातीची टोपली भरायचे आणि ओरडायचे, "घे वर!" मी ओढायची. तेवढंच बोलणं. दिवसभर, घे वर, घे वर. एक दिवस खालून आवाज आला, "दमलीस का?" आडात तो असा घुमला की — दमलीस का, मलीस का, लीस का! सासूने ऐकलं, शेजाऱ्यांनी ऐकलं, सगळ्या गल्लीने ऐकलं. मला तोंड लपवायला जागा नाही. चार दिवस बाहेर आले नाही मी, टोपल्या सासूने ओढल्या. आणि त्या चार दिवसांत खाली पाणी लागलं.

ते पाणी म्हणे अयोग्य.

सोमवार, ता. १० मार्च

नळ आला! म्हणजे नळाचा खांब आला. लोखंडी, माझ्या खांद्याएवढा, वर सिंहाचं तोंड, आ वासलेला. माझ्या दारासमोरच रोवला. लांबसाहेब स्वतः हजर. हा आमच्या मुलाचा वरचा साहेब. इतका लांब, की दारातून आत यायचं तर घडी घालावी लागते. त्याने चावी फिरवली. सगळी गल्ली घागरी घेऊन उभी. सिंह म्हणाला — फुस्स!

परत फिरवली. फुस्स.

दुभाष्या म्हणाला, "आधी हवा येते, मग पाणी येते."

खिडकीवाली वरून ओरडली, "मग हवेची कळशी भरून नेऊ का?"

संध्याकाळपर्यंत फुस्सच. मग सगळ्या घागरी माझ्या आडावर आल्या. रहाट एवढा फिरला की तापला.

बुधवार, ता. १२ मार्च

हरकत लिहिली. मीच लिहिली! मुलगा म्हणाला, "मी लिहून देतो." मी म्हटलं, "वा! नोटीस तूच लिहिणार, हरकत तूच लिहिणार, उत्तर पण तूच देणार. मग मला मधे कशाला घेता, तुमचं तुम्ही बोला की."

पाटीवर चार वेळा कच्चं काढलं. सुनेने वेलांट्या दुरुस्त केल्या. ऱ्हस्व आणि दीर्घ माझ्या टाळक्यात जात नाही. मी म्हटलं, "पाणीतली वेलांटी लांब काढली म्हणून पाणी जास्त येतं का गं?" ती म्हणाली, "सासूबाई, खात्यात तेवढंच बघतात."

मोठं लिहायचं नव्हतं मला. साहेबाला वेळ नसतो. एकच ओळ, पण मुद्द्याची — "माझा आड कोणाच्या आड येत नाही, तरी तो राहू द्यावा." खाली अंगठा न देता नाव लिहिलं. जन्मात पहिल्यांदा. सून म्हणाली, "केवढं छान जुळलंय, आड आणि आड!" मी म्हटलं, आपोआप आलं गं. पण खोटं कशाला बोलू, दोन दिवस घोळवत होते.

गुरुवार, ता. १३ मार्च

फुस्स.

गुरुवार, ता. २० मार्च

उत्तर आलं! परत लंगडा ण. वाचून मी म्हटलं, चुकून दुसऱ्या कोणाचं आलं की काय.

"आपण आपल्या आवारात अडथळा असल्याचे आपल्या दि. १२च्या अर्जात स्वतः कबूल केले आहे. सदर अडथळा कोणासही अडवीत नाही, हे आपले म्हणणे विचारात घेतले. तथापि अडथळा हा अडथळाच असल्याने तो हटविण्यासाठी प्रकरण रस्तेखात्याकडे वर्ग करण्यात येत आहे."

मी म्हटलं, "कसला अडथळा? कोणाला? कुठे?"

मुलगा कपाळाला हात लावून बसला. सुनेने माझा कच्चा अर्ज पाटीवर परत लिहिला, बघितला, आणि एकदम खो खो हसत सुटली. नात दचकून उठली. "सासूबाई! दुभाष्याने आड म्हणजे अडथळा धरलं! माझा अडथळा कोणाला अडथळा करत नाही, असं साहेबाला वाचून दाखवलंय त्याने!"

मी मुलाला विचारलं, "आणि तू? तुला आड माहीत नाही? त्याच्या पाण्यावर वाढलास तू!"

म्हणाला, "आई, मला दिसलं. पण दुभाष्याच्या सहीवर कारकुनाने खोडायचं नसतं."

शेरा — याला दूध कमी पाजलं मी.

शनिवार, ता. २२ मार्च

रस्तेखात्याचे आले. तीन कुदळवाले आणि एक मुकादम. मुकादम चांगला माणूस, गोल, घामाघूम, बोलायला मोकळा. आल्या आल्या म्हणाला, "आजी, कुठाय तुमचा अडथळा? दाखवा, पाडून टाकतो आणि जातो."

मी म्हटलं, "पाणी घ्या आधी." चौघे दोन दोन तांबे प्यायले. मग मागे नेलं. "हा घ्या."

मुकादम आत वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग डोकं खाजवून म्हणाला, "आजी, हा तर खड्डा आहे."

"हो."

"खड्डा पाडता येत नाही हो."

"नाही ना?" मी म्हटलं. "मला पण तेच वाटत होतं."

"म्हणजे बुजवता येतो. पण माझ्या कागदावर बुजवणे नाही, हटवणे आहे. हटवायला वर काहीतरी पाहिजे. हा सगळा खाली आहे." त्याने कागद उलटा करून पाहिला, तरी तेच. कुदळवाले पारावर बसावं तसे आडाच्या काठावर बसले होते आणि एकाने माझ्या नातीला हसवलं. या वेळी वायू नव्हता, सगळ्यांनी पाहिलं!

शेवटी मुकादमाने गुडघ्यावर कागद ठेवून अहवाल लिहिला आणि मला वाचून दाखवला — "अडथळा आढळला. परंतु तो खालच्या दिशेने असल्याने पाडता आला नाही." मी म्हटलं, "फार सुंदर लिहिलंत." लाजला बिचारा. जाताना परत पाणी प्यायला. म्हणाला, "असं गोड पाणी आमच्या खात्यात नाही, आजी."

मंगळवार, ता. २५ मार्च

माझा आड आता दोन कचेऱ्यांच्या मधे लोंबकळतोय. पाणीखातं म्हणतं, ती विहीर नाही, अडथळा आहे, आमच्याकडे नाही. रस्तेखातं म्हणतं, तो अडथळा नाही, खड्डा आहे, आमच्याकडे नाही. म्हणजे कोणाकडेच नाही, म्हणजे माझ्याकडे! मी नातीला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. तिला पटलं.

मुलाला मात्र पटत नाही. जेवला नाही धड. लांबसाहेब सगळ्यांसमोर त्याला म्हणाला म्हणे, "तुझ्या आईचा खड्डा माझ्या खात्यात पडलाय." सगळी कचेरी हसली. मला वाईट वाटलं. पण खोटं का बोलू, थोडं हसू पण आलं.

शुक्रवार, ता. २८ मार्च

कोण आलं असेल? ओळखा! लांबसाहेब! टोपी हातात, घडी घालून दारातून आत, आणि माझ्याच स्वयंपाकघराच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं. मागे दुभाष्या. आणि मागे आमचे चिरंजीव, पण आज त्यांनी मला "आई" म्हटलं, तेव्हाच मी समजले, गरज त्यांची आहे.

गोष्ट अशी. मंगळवारी सगळ्यांच्या वरचा मोठा साहेब येणार, गल्लीतला नळ सुरू करायला. चावी फिरवणार, पहिला पेला स्वतः पिणार. आणि नळात पाणी नाही! कारण तळ्यापासूनचा लोखंडी नळ अजून दोन गल्ल्या पलीकडेच संपलाय. जमिनीत तोंड उघडं टाकून बसलाय. पण कागदावर तो पूर्ण झाला म्हणून लांबसाहेबाने पौषातच — म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच — सही ठोकून दिलीय. मग इतके दिवस सिंहाच्या तोंडातून जी हवा येत होती ती तरी कुठली? म्हणे, ती तिथल्या तिथेच होती!

म्हणून आता आगीचा बंब आणून माझ्या अंगणात ठेवायचा. त्याची एक नळी माझ्या आडात. दुसरी भिंतीखालून सिंहाच्या पोटात. दांडा मारला की पाणी.

मी म्हटलं, "पण माझं पाणी अयोग्य ना?"

लांबसाहेब दुभाष्याकडे बघायला लागला. दुभाष्या छताकडे बघायला लागला. चिरंजीव जमिनीकडे. मग दुभाष्या म्हणाला, "ते आडातून काढले तर. नळातून आले तर ते नळाचे."

मी हो म्हटलं. सून म्हणाली, "हो का म्हणालात?" अगं, दाराशी आलेल्याला पाणी नाही कसं म्हणायचं? आणि दुसरं म्हणजे, बघायचं होतं मला!

बंबाचा दांडा मारायला माणूस विश्वासाचा हवा, बाहेर बोलणारा नको. सगळे आमच्या मुलाकडे बघायला लागले.

मंगळवार, ता. १ एप्रिल

आज एवढं हसले की बरगड्या दुखतायत.

सकाळपासून गल्ली झाडून लख्ख. सिंहाला रंग दिलेला, हिरवा. मोठा साहेब बग्गीतून उतरला. बुटका, लालबुंद, मिशा कानापर्यंत. बाटलीवाला साहेब बरोबर, बाटल्यांची पेटी घेऊन. मला रहिवाशांतर्फे पुढे उभं केलेलं, नातीला घेऊन. भिंतीआड मुलगा, कचेरीचा कोट घालून, बंबाचा दांडा धरून. त्याला इकडचं काही दिसत नाही. खूण ठरलेली — लांबसाहेब खोकला की दांडा मारायचा.

मोठा साहेब भाषणाला उभा राहिला. आणि भाषणाआधी घसा साफ केला. खॉक्!

सिंहाने बदाबदा पाणी ओकलं. थेट साहेबाच्या बुटांवर!

चावी कोणी फिरवलेलीच नव्हती. ती लांबसाहेबाने आधीच उघडी ठेवलेली, आयत्या वेळी अडायला नको म्हणून. मग वरून खिडकीवालीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. साहेबाला वाटलं, असंच असतं. खूष! भाषणभर तो अधूनमधून घसा साफ करायचा आणि सिंह अधूनमधून ओकायचा. दुभाष्या म्हणाला, "यंत्राला साहेबांचा आवाज कळतो." मी ओठ चावून नातीच्या टोपड्यात तोंड घातलं.

मग पेला. साहेब प्यायला, परत प्यायला, मिशा पुसल्या, काहीतरी बोलला. दुभाष्याने सांगितलं, "साहेबांनी या शहरात असे पाणी चाखलेले नाही." बाटलीवाल्याने बाटली भरली, उन्हात धरली, एक डोळा मिटला, आणि तिथल्या तिथे सांगितलं — निर्मळ! एकही जीव नाही!

चार आठवड्यांत सगळे मेले की काय?

मग मला पेला दिला. दुभाष्या विचारतो, "आजीबाई, कसे लागते?"

मी घोट घेतला. म्हटलं, "ओळखीचं लागतं."

त्याने काय सांगितलं माहीत नाही, पण साहेबाने माझा हात हातात घेऊन हलवला. पुढच्या सोमवारी, अकराच्या ठोक्याला, परत येतो म्हणाला. जहाजातून त्याचे पाहुणे येतायत, मडम पण येणार, सगळ्यांना सिंहाचं पाणी पाजणार. लांबसाहेबाचं तोंड सिंहापेक्षा हिरवं झालं.

आणि मग साहेबाने विचारलं, रहिवाशांची काही मागणी आहे का. माझी संधी! या वेळी मी चुकले नाही. सरळ विहीर म्हटलं. "माझ्या मागच्या अंगणातली विहीर तेवढी राहू द्या." दुभाष्याने पण सरळ सांगितलं.

साहेब मायेने हसला. मग बोलला. दुभाष्याने सांगितलं, "साहेब म्हणतात, घाबरू नका. इतके सुंदर नळाचे पाणी मिळाल्यावर त्या घाणेरड्या विहिरीची तुम्हाला काय गरज? आठवडाभरात बुजवून देतो." आणि तिथेच, लांबसाहेबाच्या पाठीवर कागद ठेवून, सही केली.

बुधवार, ता. २ एप्रिल

मुलाचे दंड तेल लावून चोळून दिले. विचारलं, "दमलास का?" लहान असताना रडायचा तसा रडला. यांचाच आवाज आला मला माझ्या तोंडातून.

गुरुवार, ता. ३ एप्रिल

मुलगा आज माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, मला वाटलं होतं, लांबसाहेब हुकूम थांबवेल. आड बुजला तर सिंहाला पाणी कुठून?"

"मग थांबवत का नाही?"

"बोलायची सोय नाही. बोलला तर नळ खोटा होता हे बाहेर येईल. म्हणून त्याने ठरवलंय, सोमवारी पाहुणे पिऊन गेले की मंगळवारी आड बुजवायचा. मग खराबी आली म्हणून सिंह बंद. म्हणतो, पुढचं पुढे."

"आणि गल्ली?"

"गल्लीचं त्याच्याकडे नाही, आई. पाणी देणं वेगळं टेबल आहे."

मी म्हटलं, "आणि तुझं टेबल?"

त्याने बोटावरची शाई चोळली. मग म्हणाला, "मी नोटीस लिहिली तेव्हा मला वाटलं होतं, तू काहीतरी करशील. म्हणून 'हरकत असल्यास' ही ओळ मी माझ्या मनाने घातली. बाकीच्यांच्या नोटिशीत नव्हती."

हे मला माहीत नव्हतं. दूध कमी पाजलं असं लिहिलं होतं मागे, ते मी खोडलं. खात्याच्या वहीत खोडता येतं, कोण म्हणतं येत नाही!

आडाशी जाऊन वाकले. तोंड दिसलं, रुपयाएवढं. हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून मारू? नात खांद्यावर होती, तिनेच काहीतरी ओरडलं. घुमलं. ती चकित! परत ओरडली. अर्धा तास आम्ही तिथेच.

शुक्रवार, ता. ४ एप्रिल

मुकादम आला, रस्तेखात्याचा, गोल. तोंड उतरलेलं. पाणी दिलं तर घेईना. म्हणाला, "नको आजी, लाज वाटते." या वेळी त्याच्या कागदावर बुजवणे आहे. मोठ्या साहेबाची सही. मंगळवार म्हणून पाणीखात्याकडून चिठ्ठी आलीय, पण रस्तेखात्याचा नियम असा, की खाजगी आवारात शिरायचं तर दिवस आणि वेळ मालकाने लिहून द्यायची. "उद्या येतो," म्हणाला. "सांगाल तो दिवस, आजी. म्हणाल तर महिन्याभराने. तेवढं माझ्या हातात आहे."

महिना! गल्लीने एक महिना पाणी प्यायचं आणि मग परत सिंहाचं तोंड बघायचं. विचार करते म्हटलं.

सुनेला विचारलं, "दहा हा शब्द कसा लिहितात गं?"

शनिवार, ता. ५ एप्रिल

मुकादमाला कागद दिला. माझ्याच हाताने लिहिला — गाड्या, माती, कुदळवाले, सगळं घेऊन सोमवारी सकाळी दहाला यावे, दार पुढचेच उघडे राहील, सिंहाच्या समोरचे. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. मग पाण्याचा तांब्या मागून घेतला.

मुलाला सांगितलं, सोमवारी रजा टाक, बाळा, हात दुखतायत तुझे. बंब ज्याचा त्याने मारावा, सगळ्या पाहुण्यांच्या देखत.

सुनेला कागद आधी दाखवला होता. सोमवारी, री दीर्घ. म्हणाली, "सासूबाई, बरोबर आहे."

शेरा — सोमवारी पाहुणे. दहाला बुजवणारे. अकराला पिणारे.